डोक्याला मार लागल्यावर मैदानात परत केव्हा?

31 जानेवारी 2025 रोजी पुण्याजवळील गहुंजे येथे भारत आणि इंग्लंड यांच्यातील चौथा ट्वेंटी-20 सामना झाला. मुंबईच्या शिवम दुबेने त्यात 53 धावा काढल्या. डावाच्या अखेरच्या षटकात जेमी ओव्हरटनचा उसळता चेंडू त्याच्या हेल्मेटवर आदळला. मैदानावरच त्याची तपासणी झाली आणि त्याने डाव पूर्ण केला. डाव संपल्यावर मात्र डोके दुखत असल्याचे त्याने सांगितले, म्हणून तो क्षेत्ररक्षणास आला नाही. त्याच्या जागी हर्षित राणा 'कन्कशन सबस्टिट्यूट' म्हणून उतरला, त्याने तीन बळी घेतले आणि भारताने सामना 15 धावांनी जिंकला.

पुढील काही दिवस वर्तमानपत्रांत आणि दुकानांच्या गाद्यांवर एकाच प्रश्नाचा काथ्याकूट चालला. मुख्यतः फलंदाज असलेल्या खेळाडूच्या जागी वेगवान गोलंदाज देणे न्यायाचे होते का? इंग्लंडचा कर्णधार जोस बटलर याने आपली नाराजी उघडपणे बोलून दाखविली. नियमात 'सारख्यास सारखा' असे असल्याने वाद रास्तही होता. पण त्या गदारोळात दुसरा एक प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. 2 फेब्रुवारीला, म्हणजे दोनच दिवसांनी, वानखेडेवर पाचवा सामना झाला. त्यात दुबे खेळला, 13 चेंडूंत 30 धावा काढून गेला आणि दोन बळीही घेतले. शुक्रवारी ज्याच्या मेंदूला हादरा बसला म्हणून बदली खेळाडू मिळाला, तो रविवारी पुन्हा वेगवान गोलंदाजीसमोर उभा होता. त्याच्या तपासणीत काय आढळले हे बाहेरच्या माणसाने सांगू नये. ते त्याचे डॉक्टर जाणोत. परंतु त्याच वर्षाच्या मध्यास आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने आपल्या नियमांत बदल केले. कन्कशनचे निदान झालेल्या खेळाडूने कमीत कमी सात दिवस सामना खेळू नये असे त्यांत आले, आणि बदली खेळाडूंची नावे सामन्यापूर्वीच देणेही बंधनकारक झाले.

कोट्यवधी रुपयांच्या खेळात, दोन्ही बाजूंना डॉक्टर असताना, ही स्थिती आहे. मग आपल्या छत्रपती संभाजीनगरातील शालेय स्पर्धांत आणि रविवारी रात्री दिव्यांच्या प्रकाशात रंगणाऱ्या टर्फवरील सामन्यांत काय होत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. तेथे डोक्यावर पाण्याची बाटली रिकामी करतात, 'काही नाही रे, ऊठ' म्हणतात आणि पुढचा चेंडू टाकला जातो.

कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. कवटीच्या आत मेंदू द्रवात तरंगत असतो आणि तो अत्यंत मऊ असतो. ताकाच्या मडक्यात लोण्याचा गोळा तरंगत असावा आणि कोणी मडके एकदम हिसडावे, तसा प्रकार होतो. मडके शाबूत राहते, आतला गोळा मात्र ताणला जातो, पिळवटतो. म्हणूनच डोक्यालाच मार लागला पाहिजे असेही नाही. कबड्डीत छातीवर जोराची धडक बसून मान झटक्याने मागे गेली तरी हादरा बसू शकतो. हेल्मेटही येथे मर्यादितच उपयोगाचे आहे. ते कवटी फुटण्यापासून वाचवते आणि ते वापरलेच पाहिजे, पण आतला गोळा हलणे ते पूर्णपणे थांबवू शकत नाही. दुबेच्या डोक्यावर हेल्मेट होतेच.

या हिसक्याने मेंदूच्या पेशींतील क्षारांचा तोल बिघडतो. तो पूर्ववत करण्यासाठी पेशींना अधिक ऊर्जा हवी असते आणि नेमक्या त्याच वेळी रक्तपुरवठा मंदावलेला असतो. मागणी वाढावी आणि पुरवठा घटावा, याचा अर्थ व्यापारी कुटुंबांस समजावून सांगण्याची गरज नाही. हा तुटवडा काही दिवस, कधी काही आठवडे टिकतो. या काळात मेंदू बाहेरून धडधाकट दिसतो, पण दुसरा धक्का सोसण्याची त्याची ताकद उरलेली नसते.

सिटी स्कॅनमध्ये यांतले काहीच दिसत नाही. हा मुद्दा घरोघरी नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण 'स्कॅन नॉर्मल आला' हे वाक्य ऐकताच आपण सुटकेचा निःश्वास टाकतो आणि मुलाच्या हाती बॅट देतो. स्कॅन रक्तस्राव आणि हाड मोडणे शोधतो. ते नसेल तर उत्तमच. पण हादरा बसलाच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. कन्कशनचे निदान डॉक्टर लक्षणांवरून, तोल पाहून, स्मरणशक्ती तपासून करतात. दुसरा गैरसमज बेशुद्धीविषयी आहे. शुद्ध हरपली नाही म्हणजे मार किरकोळ, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कन्कशन झालेल्या बहुसंख्य खेळाडूंची शुद्ध हरपतच नाही. डोके जड वाटणे, गरगरणे, मळमळ, उजेड आणि आवाज सहन न होणे, नजर धूसर होणे, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, विनाकारण रडू येणे किंवा चिडचिड होणे, ही त्याची रूपे आहेत. काही लक्षणे तर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उमटतात.

मराठी क्रिकेटरसिकांच्या घरी एक कथा मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. जानेवारी 1981 मध्ये सिडनी कसोटीच्या पहिल्याच दिवशी शिवाजी पार्कचे संदीप पाटील डोक्यावर हेल्मेट न घालता फलंदाजी करीत होते. रॉडनी हॉगचा एक चेंडू त्यांच्या गळ्यावर आदळला, तरी ते खेळत राहिले. मग लेन पॅस्को याचा उसळता चेंडू कानावर बसला आणि ते खेळपट्टीवरच कोसळले. 65 धावांवर जखमी होऊन त्यांना बाहेर जावे लागले, इस्पितळात न्यावे लागले. भारताचा डाव 201 धावांत आटोपला. एकट्या ग्रेग चॅपेलने 204 केल्या. भारताच्या दुसऱ्या डावात, त्याच सामन्यात, पाटील पुन्हा फलंदाजीस उतरले. तो डावही 201 वरच संपला आणि भारत एका डावाने हरला. 23 जानेवारीला ॲडिलेड येथे पुढची कसोटी सुरू झाली. त्याच गोलंदाजांविरुद्ध, या वेळी हेल्मेट घालून, पाटील यांनी 174 धावा केल्या.

ही कथा खरी आहे आणि त्या 174 धावांचे मोल कोणी कमी करू नये. पण ती सांगताना आपण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. ॲडिलेडचे शतक आणि सिडनीचा दुसरा डाव यांना आपण एकाच पराक्रमाच्या माळेत ओवतो. ॲडिलेडपूर्वी तीन आठवडे गेले होते. आजच्या वैद्यकशास्त्राच्या मापानेही एवढा अवधी प्रौढ खेळाडूला बऱ्याचदा पुरेसा ठरतो. सिडनीतील दुसऱ्या डावाची गोष्ट वेगळी. तिसऱ्याच दिवशी संपलेल्या त्या सामन्यात, इस्पितळातून आलेला माणूस पुन्हा त्याच माऱ्यासमोर गेला. आजच्या नियमांनुसार त्याला पॅडही बांधू दिले नसते. त्या काळी कोणालाच फारसे ठाऊक नव्हते, त्यामुळे त्या वेळच्या कोणास दोष देण्यात अर्थ नाही. मात्र आज आपण आपल्या मुलाला ही कथा सांगताना तीन आठवड्यांचा उल्लेख गाळतो आणि 'बघ, मार खाऊनही उभा राहिला' एवढेच त्याच्या मनावर ठसवतो. बारा वर्षांचा मुलगा त्यातून एकच शिकतो: डोके दुखत असेल तर सांगायचे नाही.

दुसरी कथा रमण लांबा यांची. तिचा शेवट तसा नाही. भारताकडून कसोटी खेळलेले हे दिल्लीचे फलंदाज ढाक्याच्या लीगमध्ये खेळत असत. 20 फेब्रुवारी 1998 रोजी ते फलंदाजाच्या अगदी जवळ शॉर्ट लेगला उभे राहिले. षटकाचे तीनच चेंडू उरले आहेत म्हणून त्यांनी हेल्मेट मागविले नाही, असे नंतर सांगितले गेले. फटका थेट कपाळावर आला. ते स्वतःच्या पायांनी चालत तंबूत गेले. प्रारंभी कोणासही गंभीर वाटले नाही. थोड्याच वेळात प्रकृती ढासळली; मेंदूत रक्तस्राव झाला होता. 23 फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. वय अवघे 38.

लांबा यांना झाला तो निव्वळ हादरा नव्हता, रक्तस्राव होता. पण पहिल्या अर्ध्या तासात या दोहोंतील फरक मैदानावरच्या माणसाला कळत नाही. म्हणून डोक्याला मार लागलेला खेळाडू चालतो-बोलतो आहे, यावर विसंबू नये. डोकेदुखी उत्तरोत्तर वाढत असेल, उलट्या थांबत नसतील, झटके आले, बोलणे अडखळू लागले, एक वस्तू दोन दिसू लागल्या, हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा आला, मानेच्या मणक्यात दुखू लागले, गुंगी वाढून जागे करणे कठीण झाले, नाकाकानातून रक्त अथवा पाण्यासारखा स्राव आला, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट घाटी अथवा अपघात विभाग असलेले जवळचे रुग्णालय गाठावे. मान दुखत असेल तर त्याला उचलून गाडीत कोंबू नये. डोके-मान स्थिर धरून मदतीची वाट पाहावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. आपल्या घरांत कांदा नसतो, तरी अशा प्रसंगी शेजारून आणून हुंगवणारे उत्साही गृहस्थ भेटतात. त्याचा काही उपयोग नाही, वेळ तेवढा जातो.

अशी धोक्याची खूण नसेल तरी एक नियम निरपवाद आहे. मेंदूला हादरा बसल्याची शंका आली की तो खेळाडू त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही. सिद्ध होण्याची वाट पाहायची नाही, शंका पुरेशी आहे. मैदानावरच्या माणसाने साधे प्रश्न विचारावेत. आपण कोणत्या मैदानावर आहोत? हा पहिला डाव की दुसरा? शेवटचा बळी कोणाचा पडला? मागचा सामना कोणाशी खेळलो, कोण जिंकले? उत्तर चुकले तर निर्णय झालाच. उत्तरे बरोबर आली तरी लक्षणे असतील तर तोच निर्णय. दुबेनेही मैदानावरील पहिली तपासणी पार केली होती.

हा निर्णय खेळाडूवर सोपवू नये. तो 'मी ठीक आहे' असेच म्हणणार, आणि ते म्हणणारा मेंदूच त्या क्षणी हादरलेला असतो. कर्णधारावर सोपवू नये, त्याला सामना जिंकायचा आहे. थोडे कटू वाटेल, पण प्रेक्षकांत बसलेल्या वडिलांवरही पूर्णतः सोपवू नये. शालेय क्रीडा स्पर्धांत जिल्ह्यावरून विभागावर, विभागावरून राज्यावर निवड होते आणि त्या निवडीवर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण अवलंबून असतात. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात उद्या अंतिम सामना असताना 'आज राहू दे' म्हणणे बापाच्या जिवावर येते. म्हणून हा अधिकार सामना सुरू होण्यापूर्वीच कोणा तिसऱ्याच्या हाती दिलेला बरा.

मुलांच्या बाबतीत एवढी सावधगिरी का, याचे उत्तर अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या एका कायद्यात आहे. 2006 मध्ये झॅकरी लिस्टेड हा तेरा वर्षांचा मुलगा शाळेच्या फुटबॉल सामन्यात डोक्यावर पडला, थोडा वेळ बाहेर बसला आणि पुन्हा खेळला. सामना संपता संपता तो कोसळला. प्राण वाचविण्यासाठी त्याची कवटी उघडावी लागली आणि पुढे बोलणे-चालणे त्याला नव्याने शिकावे लागले. 2009 मध्ये त्याच्या नावाने कायदा झाला: शंका येताच मुलाला बाहेर काढायचे आणि जाणत्या वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीवाचून परत घ्यायचे नाही. पुढे अमेरिकेतील सर्व राज्यांनी या स्वरूपाचे कायदे केले. पहिला हादरा भरून येण्यापूर्वी दुसरा बसला तर मेंदूला भयंकर सूज येऊ शकते. असे क्वचितच घडते, पण घडते ते प्रामुख्याने कोवळ्या वयात.

वारंवार बसणाऱ्या हादऱ्यांची किंमत मोठ्यांनाही चुकत नाही. 2021 च्या जानेवारीत सिडनीला भारताविरुद्ध पदार्पणात 62 धावा करणारा ऑस्ट्रेलियाचा विल पुकोव्स्की आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ती त्याची एकमेव कसोटी ठरली. डोक्याला पुनःपुन्हा बसलेल्या मारांमुळे 2025 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी, त्याने खेळ सोडला.

आता घरी आल्यावर काय करावे, याकडे वळू. येथे शास्त्राचे मत गेल्या काही वर्षांत बदलले आहे. पूर्वी अंधाऱ्या खोलीत आठवडा-दोन आठवडे निजवून ठेवीत. 2022 च्या ऑक्टोबरात ॲम्स्टरडॅम येथे या विषयातील तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि पुढील वर्षी तिचे निवेदन प्रसिद्ध झाले. त्यानुसार पहिले एक ते दोन दिवस सापेक्ष विश्रांती पुरे. म्हणजे खेळ नाही, पळापळ नाही, मोबाइल आणि दूरचित्रवाणी शक्य तितकी कमी. परंतु घरात वावरणे, अंगणात सावकाश फिरणे चालते. पूर्णपणे अंथरुणाला खिळवल्याने बरे होण्यास उशीर लागतो. 'झोपू देऊ नका' ही समजूतही सोडून द्यावी. डॉक्टरांनी तपासून घरी पाठविल्यावर झोप हे औषधच आहे. मात्र पहिल्या रात्री कोणी तरी जवळ असावे. वेदनाशामक गोळी मनाने देऊ नये, कारण काही गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत दुचाकीची किल्ली हाती देऊ नये.

आपल्या घरांपुरते येथे थोडे वेगळे लिहिणे आवश्यक आहे. चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तानंतर पाणीही नसते. डॉक्टरांना हे आधीच सांगावे. गोळ्यांच्या वेळा त्यांना बहुधा दिवसात बसविता येतात आणि जेथे येत नाहीत तेथे ते तसे स्पष्ट सांगतील. पर्युषणाच्या तोंडावर मार लागला आणि मुलाने अठ्ठाईचा संकल्प केलेला असेल, तर प्रश्न अधिक नाजूक होतो. पाण्याची आणि अन्नाची कमतरता डोकेदुखी व चक्कर वाढविते. ही लक्षणे उपवासाची की हादऱ्याची, हे मग डॉक्टरांनाही उलगडत नाही. प्रत्याख्यान घेण्यापूर्वी महाराजसाहेबांना दुखापत सांगावी. तीर्थंकर नामकर्माच्या बंधास कारण सांगितलेल्या भावनांत 'शक्तितस्तप' आहे, शक्तीनुसार तप. हादरलेल्या मेंदूची शक्ती किती, हा प्रश्न त्या शब्दाच्या कक्षेत येतोच. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्रमादास केंद्रस्थानी ठेवले आहे, याचेही स्मरण या प्रसंगी अनेक पालकांना होईल.

मैदानाआधी शाळा, असा क्रम आहे. दोन दिवसांनी मुलगा थोडा वेळ वाचू लागला आणि त्रास वाढला नाही, तर अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण दिवस, मग शिकवणी आणि शेवटी परीक्षा. वर्गशिक्षकांस चिठ्ठी द्यावी, कारण वर्गात मुलगा आळशी किंवा उद्धट वाटू शकतो. दुकानात हातभार लावणाऱ्या मुलांनाही हाच क्रम लागू आहे. दिवाळीच्या सुमारास गुलमंडीवरील दुकानातला झगझगाट, गिऱ्हाइकांचा कलकलाट आणि हिशेबाची घाई, हे हादरलेल्या मेंदूला शाळेपेक्षा जड जाते.

मग मैदान. त्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर किमान एक संपूर्ण दिवस थांबायचे. पहिल्या पायरीवर रोजचे हलके व्यवहार. दुसऱ्या पायरीवर चालणे आणि जागेवरची सायकल, प्रथम सावकाश आणि जमल्यास मध्यम गतीने. तिसऱ्या पायरीवर एकट्याने करावयाचा खेळाचा सराव, ज्यात डोक्याला मार लागण्याचा संभवच नाही: धावणे, दिशा बदलणे, झेलांसाठी हलका चेंडू. या तिसऱ्या पायरीनंतर थांबायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे. लक्षणे पूर्ण गेली आहेत, परिश्रमानेही परतत नाहीत, असा लेखी निर्वाळा मिळाल्यावरच चौथी पायरी, म्हणजे संघाबरोबर, पण धडक नसलेला सराव. पाचव्या पायरीवर पूर्ण सराव. क्रिकेटमध्ये येथे प्रथमच वेगवान गोलंदाजी. सहावी पायरी म्हणजे सामना. प्रारंभीच्या पायऱ्यांवर किंचित डोके दुखले आणि तासाभरात थांबले तर घाबरण्याचे कारण नाही. त्याहून अधिक दुखले तर त्या दिवशी थांबावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करावा. चौथ्या पायरीनंतर लक्षण परतले तर मात्र तिसरीवर उतरायचे.

हिशेबाने पाहिले तर सहा पायऱ्या आठवड्यात संपतात, आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे सात दिवस याच मापाचे आहेत. परंतु ते डॉक्टरांच्या नित्य देखरेखीखालील व्यावसायिक प्रौढांसाठी. ज्यांच्याजवळ तशी देखरेख नाही त्यांच्यासाठी ब्रिटनने 2023 मध्ये वेगळी सूचना काढली: 21 दिवसांच्या आत स्पर्धेत परतायचे नाही. आपल्या मुलांसाठी हाच आकडा धरावा, असे आमचे मत आहे. प्रौढ बहुधा दोन आठवड्यांत पूर्ववत होतात, मुलांना महिनाही लागतो. तेव्हा तीन आठवडे म्हणजे फार काही मागणे नव्हे. मुष्टियुद्धात तर डोक्यावरील ठोशाने सामना संपला की किमान 30 दिवस रिंगणाबाहेर राहण्याची प्रथा जुनी आहे. आपल्या विद्यापीठ परिसरातील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात मुष्टियोद्धे घडतात, त्यांना हे नवे नाही. क्रिकेटवाल्यांना आणि कबड्डीवाल्यांना मात्र ते परके वाटते.

या तीन आठवड्यांत एक साधी वही करावी. व्यापारी घरात रोजमेळ लिहिण्याची सवय असतेच. रोज रात्री आठ वाक्ये पुरतात: डोके किती दुखले, झोप कशी लागली, वाचताना किती वेळ बसला, चिडला का, काय खाल्ले, किती चालला, त्यानंतर काय वाटले, कोणती पायरी. डोकेदुखीला शून्य ते दहा असा आकडा द्यावा. मुलाने स्वतः लिहिले तर अधिक चांगले, फक्त आईने शेजारी आपला आकडा लिहावा. दोघांच्या आकड्यांत तफावत दिसली तर आईचा आकडा धरावा. डॉक्टरांपुढे ही वही ठेवली की दहा मिनिटांचे काम दोन मिनिटांत होते. आणि स्कॅनच्या फाइलमध्ये जे नसते ते तिच्यात असते. महिना उलटूनही आकडे उतरत नसतील तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे. लक्षणे मानेतून किंवा कानाच्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेतून येत असतात असेही आढळते, आणि त्यावर व्यायामोपचार आहेत. मुलींमध्ये लक्षणे अधिक काळ रेंगाळल्याचे बऱ्याच पाहण्यांत दिसले आहे. 'नाटक करते' हा शेरा त्यांच्या वाट्याला अधिक येतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

राहता राहिले आपल्या युवक मंडळांचे सामने. महावीर जयंतीच्या सुमारास आणि हिवाळ्यात टर्फवर भरणाऱ्या या स्पर्धांनी तरुण एकत्र येतात, दिगंबर-श्वेतांबर, मारवाडी-गुजराती-मराठी सगळे एका जाळीत खेळतात, ही मोठी चांगली गोष्ट आहे. चेंडू टेनिसचा असल्याने धोका नाही असे संयोजक म्हणतात. चेंडूचा धोका कमी आहे हे खरे, पण छोट्या जागेत दोघे एकाच झेलामागे धावतात, लोखंडी खांब दोन हातांवर असतो आणि पाय घसरून माणूस मागच्या मागे पडतो. खांबांना जाड फोम गुंडाळण्यास एका चषकाएवढाही खर्च येत नाही. आपल्या समाजात डॉक्टरांची वाण नाही. त्यांचे नाव सध्या माईकवरून सत्कारापुरते घेतले जाते. त्यांपैकी एकास त्या दिवसापुरता 'याला बाहेर बसवा' म्हणण्याचा अंतिम अधिकार द्यावा आणि तो पंचांनी दोन्ही कर्णधारांना नाणेफेकीपूर्वी सांगावा. बाहेर बसणाऱ्याच्या जागी फलंदाजी-गोलंदाजी करू शकणारा बदली खेळाडू देण्याची तरतूदही हवी. तसे नसेल तर संघाचे नुकसान टाळण्यासाठी मुलगा दुखणे लपवणारच. मोठ्या क्रिकेटने ऑगस्ट 2019 मध्ये हीच तरतूद केली, आणि त्याच महिन्यात लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर बसलेल्या स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन हा पहिला असा बदली फलंदाज उतरला.

स्पर्धेच्या प्रवेश अर्जावर नाव, गोत्र, वय, जर्सीचे माप, प्रायोजक फर्म असे रकाने असतातच. त्यांत आणखी एक रकाना वाढवावा: गेल्या वर्षभरात डोक्याला मार लागून गरगरणे, उलटी किंवा विसर पडणे झाले होते का? खाली पालकांची सही. उत्तर 'होय' असेल तर संघाची यादी पक्की होण्यापूर्वी डॉक्टरांचे पत्र घ्यावे, आणि ते पत्र फीच्या पावतीसोबत त्याच फाइलमध्ये लावावे.